दोन पायांचं स्टूल

१४ जून

प्रिय आत्या,

फोन लावला की तू "हॅलो, कोण?" म्हणतेस आणि मी सांगायच्या आत ठेवून देतेस. म्हणून पत्र. खुब्याचं हाड आता कसं आहे? वॉकर घेऊन चालतेस ना, की तो दारामागे उभा करून भिंती धरत फिरतेस?

बातमी अशी की माझी योजना मुख्याध्यापकांनी मंजूर केली. गेल्या वर्षी दहावीत पहिला आलेला आमच्या शाळेतला मुलगा दाखला न्यायला आला होता. शर्टाचं बटण तुटलं म्हणून माझ्याकडे सेफ्टी पिन मागायला आला, आणि ती लावूनही मलाच द्यावी लागली. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. दहा वर्षं आमच्याकडे शिकला, आणि आम्ही त्याला पिनही लावू न शकणारा करून बाहेर पाठवला.

म्हणून आता नववीला शेवटचे दोन तास अभ्यास बंद. त्याऐवजी आठ गोष्टी: सुतारकाम, स्वयंपाक, प्रथमोपचार, बागकाम, वक्तृत्व, समूहगान, पोहणं, शिवण. प्रत्येक गोष्ट तीन आठवडे. प्रत्येकीचा एक बिल्ला. आठही बिल्ले मिळवणाऱ्याला वार्षिक समारंभात ढाल. नाव ठेवलंय 'अष्टपैलू'. आवडलं?

आपली खारूताई यंदा नववीतच आहे. तिचे बाबा बोटीवरून रविवारी फोन करतात, तेव्हा ती त्यांना रोज काय काय होणार ते सांगते. आमचा नियम अजून चालू आहे: फाटकाच्या आत मी मॅडम, फाटकाबाहेर आई. ती नीट पाळते. मात्र फाटक ओलांडलं की इतक्या जोरात "आई!" ओरडते की वॉचमन हसतो.

तुझी,
भाची

२३ जून

चि. उपमुख्याध्यापिका बाईंना अनेक आशीर्वाद.

फोन ठेवून देते, कारण त्यात मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू बोलत नाहीस. पत्रात निदान तुला वाक्य पुरं करावं लागतं. वॉकर दारामागेच आहे. पुढे.

बटणवाल्या पोराचं वाचून हसले, आणि मग हसू आवरलं. माझ्या वॉर्डात असे डॉक्टर यायचे. पहिल्या वर्गात पास, आणि रडणाऱ्या बाईशी काय बोलायचं ते ठाऊक नाही, म्हणून तिच्या चार्टशी बोलायचे. मेट्रन म्हणून मी त्यांना आधी खुर्ची ओढून बसायला शिकवलं. तेव्हा तुझा त्रागा मला पटतो. शाळा ही काय फक्त पेपर लिहायची तालीम आहे?

पण तीन आठवडे? अगं, तीन आठवड्यांत सर्दी बरी होते, माणूस घडत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मंडळींनी मला पुष्कळ काही शिकवलं. रफू, दोरीवर चढणं, कोरस. कोरसमध्ये मला नुसते ओठ हलवायची परवानगी होती. त्यातलं बहुतेक सगळं विसरले. एक विसरले नाही. नववीत वर्षभर शाळेची घंटा माझ्याकडे होती. मला उशीर झाला की सगळी शाळा खोळंबायची. ऊन असो, ताप असो, घंटा माझी. पुढे नोकरीभर मी कुठे वेळेवर पोचले असेन तर त्या घंटेमुळे. तीच घंटा मला तीन आठवडे दिली असती तर नुसता हात दुखला असता.

अष्टपैलू हे नाव छान आहे. फक्त एवढं लक्षात ठेव, पैलू हिऱ्याला पाडतात, आणि ते घासून पाडतात.

आणि तो फाटकाचा नियम मला पहिल्यापासून पटलेला नाही. आई म्हणजे काय छत्री आहे, आत आलं की मिटून कोपऱ्यात ठेवायची?

आत्या

६ ऑगस्ट

प्रिय आत्याआजी,

कोपऱ्यातला डाग सरसाचा आहे, चहाचा नाही. वास घेऊन बघ. नको, नको घेऊस, घाण आहे. मला आवडतो.

मी तुझ्यासाठी स्टूल करत होते. आई म्हणाली तुला गॅसपाशी उभं राहवत नाही, म्हणून बसून भाजी परतता येईल एवढं उंच. बसायची फळी गोल आहे. गोल म्हणजे मी गोल म्हणते म्हणून गोल. पाय तीन. तू म्हणशील तीनच का, तर ऐक. चार पायांचं स्टूल डुगडुगतं. मग एका पायाखाली कागदाची घडी घाला, मग ती सरकते, मग परत घाला. तीन पायांचं डुगडुगूच शकत नाही! जमीन कशीही असू दे, तीन पाय टेकतातच. एखादा पाय आखूड झाला तर ते तिरकं बसेल, पण डुगडुगणार नाही. वर्गातला लंबू म्हणतो डुगडुगतं. मी त्याला फळ्यावर काढून दाखवलं, तरी म्हणतो डुगडुगतं. डबा खायची पूर्ण सुट्टी मी त्याच्याशी भांडले. डबा तसाच राहिला. ह्या बाबतीत कुणीही चुकीचं बोललं तर मी भांडणार, तू बोललीस तरी.

दोन पाय बसवून झाले, आणि तीन आठवडे संपले. भोक तिरकं पाडायचं असतं. माझी पहिली दोन भोकं वाया गेली, म्हणून उशीर झाला. सुतारकामाचे सर म्हणाले, "बिल्ला मिळाला ना? झालं की मग. पुढची तुकडी येऊ दे." म्हणजे मला दोन पायांच्या स्टुलाचा बिल्ला मिळाला! त्याच्यावर बस आणि पड.

आता मला वक्तृत्वात टाकलंय. 'माझे ध्येय' ह्या विषयावर तीन मिनिटं बोलायचं. माझं ध्येय तिसरा पाय आहे. तसं बोलले तर सगळे हसले, आणि बाई म्हणाल्या, "जरा मोठं ध्येय घे."

मी आईला विचारायला ऑफिसात गेले, की मला सुतारकामातच राहू देता का. ती म्हणाली, "अर्ज करा, विचार होईल." मी अर्ज केला. विचार झाला, आणि नाही आलं. मग घरी विचारलं, तर म्हणाली, "शाळेचं शाळेत." आता ते विचारायचं कुठे, फाटकावर उभं राहून? एक पाय आत, एक पाय बाहेर? तू सांग ना तिला. तुझं ती ऐकते.

तुझीच,
खारूताई

१३ ऑगस्ट

उपमुख्याध्यापिका बाई,

पोरीचं पत्र आलं. सोबत पाठवते आहे, वाच. तुझ्या दहा वर्षांच्या नोकरीत एखाद्या मुलाने तुझ्याकडे येऊन, मला अमुक एक काम पुरं करू द्या, असं म्हटलंय? माझ्याकडे चाळीस वर्षांत दोन नर्सा तसं म्हणाल्या, आणि त्या दोघींना मी अजून विसरलेले नाही.

दोन पायांच्या स्टुलाला बिल्ला देणारी शाळा आयुष्यासाठी काय तयार करणार? अर्धवट काम करून पुढे सरकणारी माणसं आपल्याकडे कमी पडली आहेत का? आमच्या जिन्यातली लिफ्टच बघ. दुरुस्त करणारा येतो, अर्धी करतो, सही घेतो, जातो.

तिला तिसरा पाय लावू दे. आणि घरी विचारलं तर घरी उत्तर दे. तुझी पोर आहे ती.

आत्या

२८ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तू रागावणार हे ठाऊक होतं. पण माझी बाजूही ऐक.

अर्ज एकट्या तिचाच नव्हता. एक वडील आले होते. त्यांच्या मुलाला फक्त पोहायचं आहे, दम्यामुळे इतर काही जमत नाही, आणि पाण्यात तो मोकळा होतो. त्यांनी हात जोडले. मी नाही म्हटलं. एकाला सूट दिली की सगळे येतील, आणि सगळ्यांना एकच आवडीचं काम हवं असेल, मग आठ पैलू कुठले? त्या माणसाला नाही म्हणून, पंधरा दिवसांनी स्वतःच्या मुलीला हो म्हणू? स्टाफरूममध्ये आधीच कुजबुज आहे की बाईंची मुलगी म्हणून तिला फळी चांगली मिळाली.

तुला वाटतं मला दिसत नाही. मला दिसतं. तिच्या कंपासपेटीत तिसरा पाय आहे. म्हणजे त्याचा नमुना, पेन्सिलीएवढा. अभ्यास करताना तो हातात घेऊन बसते.

आठ पैलू फेब्रुवारीत संपतात. मग तिने खुशाल मार्चभर सुतारकाम करावं. सहा महिन्यांचा प्रश्न आहे. तिला सांगितलं तसं. "बरं," म्हणाली.

भाची

५ सप्टेंबर

"बरं" म्हणाली हे मला आवडलं नाही. तिला ओरडायला लावता आलं तर बघ.

आत्या

११ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. तिने काही कळवलं नसेल, म्हणून मीच सांगते.

गणपती आणि चाचणीमुळे वक्तृत्वाचे तास सप्टेंबरभर लांबले, आणि त्यांना ती आठवडाभर जातच नव्हती. सुतारकामाच्या खोलीत मागच्या बाकापाशी बसून पाय तासत होती. सरांनी जाऊ दिलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुमचीच मुलगी, मला वाटलं तुम्ही परवानगी दिली असेल." मग वक्तृत्वाच्या बाईंनी हजेरी घेऊन माझ्या टेबलावर ठेवली. सगळ्या स्टाफसमोर.

तास बुडवणाऱ्याला प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं करायचं आणि त्या पैलूचा बिल्ला काढून घ्यायचा, हा नियम आहे. मीच केलेला. जुलैत दोन मुलांना तसं उभं केलं होतं. मी त्यांच्यात आणि तिच्यात फरक केला नाही. नाव वर्गशिक्षिका वाचतात, पण त्यांनी यादी माझ्या हातात दिली, म्हणून मी वाचलं. नाव, इयत्ता, तुकडी. ती पुढे आली. रडली नाही. सुतारकामाचा बिल्ला स्वतःच काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "हा नाही, वक्तृत्वाचा." ती म्हणाली, "तो मला मिळालेला नाही, मॅडम." पोरं हसली. मीही हसले असते, आत्या, इतर कुणाचं मूल असतं तर.

स्टूल स्टोअरमध्ये ठेवलंय, 'अपूर्ण साहित्य' असं लिहिलेल्या कपाटात.

संध्याकाळी मी फाटकाबाहेर थांबले. ती आली. ओरडली नाही. "चला, मॅडम," म्हणाली. मला वाटलं चिडवते आहे. घरी पोचल्यावर म्हणाली, "मॅडम, मीठ द्या." मी म्हटलं, "पुरे झालं आता." ती म्हणाली, "सॉरी, मॅडम."

आज सतरावा दिवस. मला सांग, मी काय करू?

भाची

१९ ऑक्टोबर

चि. पोरी,

तू उलट्या काळजाची आहेस असं लिहिणार होते. दोन कागद फाडले. मग पत्र पुन्हा वाचलं, आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले. लहानपणी ताप आला की तू अशीच विचारायचीस.

मी येते असं ठरवलं होतं. खरंच निघाले. पिशवी भरली, वॉकर दारामागून काढला. लिफ्ट अर्धीच दुरुस्त आहे हे तुला माहीत आहे. एक मजला उतरले, आणि दुसऱ्याच्या पहिल्या पायरीवर पाय हलेना. वरही जाता येईना, खालीही. शेवटी इस्त्रीवाला आणि खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, दोघांनी मला खुर्चीत घालून वर आणलं. माझ्यासारखी बाई, जिने माणसांना स्ट्रेचरवर चढवलं, ती खुर्चीत बसून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होती. डॉक्टर म्हणाला, "आजी, दात सोडून सगळं दाखवलंत आज."

तेव्हा मी येत नाही. तिला सुट्टीत माझ्याकडे पाठव. स्टूल घेऊन पाठव.

आत्या

३० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

सुट्टीत ती येऊ शकली नाही. पोहण्याचे वर्ग सुट्टीतच होते. मी म्हटलं, नको जाऊस, आत्याआजीकडे जा. तर म्हणाली, "मग पैलू राहील." पाच बिल्ले झाले तिचे. सुतारकामाचा मी तिला परत दिला, आणि वक्तृत्वाचा पुन्हा तास करून मिळवला. 'माझे ध्येय' वर तीन मिनिटं बरोबर बोलली. मोठं ध्येय घेतलं होतं. बाई खूश.

सगळे खूश आहेत. कुठलंही काम सांगा, करते. उलट बोलत नाही. लंबू परवा मला म्हणाला, "मॅडम, ती भांडत का नाही हो आता?" मी त्याला वर्गात पाठवलं.

तिचे बाबा फोनवर म्हणाले, किती शहाणी झाली. त्यांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? मुलगी ऐकते, अशी तक्रार करू?

भाची

१० डिसेंबर

पोरी,

वॉर्डात ओरडणाऱ्या पेशंटची मला कधी काळजी वाटली नाही. उशी फेकतो, जेवण नको म्हणतो, नर्सला शिव्या देतो, तो घरी जातो. रात्रपाळीला मी हळू पावलांनी जायचे ती दुसऱ्या खाटांकडे. "कसं वाटतंय?" "बरं आहे." "काही हवं?" "नको."

तो आठच्या आठ पैलूंचा नियम रद्द कर. योजना तू केलीस ना? तूच मोड.

आत्या

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मोडायला गेले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, असं काय करता? चार शाळा बघायला येऊन गेल्या, पुढच्या वर्षी त्या सुरू करताहेत. आता हे तुमचं राहिलेलं नाही." निदान सूट द्यायचा अधिकार मागितला, दम्याच्या मुलासाठी तरी. म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलं होतं, एकाला दिली की सगळे येतील." माझंच वाक्य, आत्या. त्यांनी बदललंही नव्हतं.

परवा समारंभ झाला. आठ बिल्ले एकट्या तिचेच. ढाल मी दिली, कारण नववीची ढाल उपमुख्याध्यापिकेने द्यायची असते. टाळ्या पडत होत्या. "अभिनंदन," मी म्हटलं. "आभारी आहे, मॅडम," ती म्हणाली. फोटो निघाला. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर घेणार आहेत.

काल रविवार. मी स्टोअरची किल्ली आणली, स्टूल काढलं, आणि तिला सुतारकामाच्या खोलीत घेऊन गेले. शाळेत चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, "फाटक, नियम, सगळं गेलं खड्ड्यात. तुझं स्टूल. कर."

तिने हात धुतले. एप्रन बांधला. भोक तिरकं पाडलं, पहिल्याच वेळी बरोबर. पाय बसवला, सरस लावला, कडा पुसल्या. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी आपली बोलत होते, बावळटासारखी: "सरसाचा वास येतोय नाही?" "हो." झाल्यावर ते उलटं-सुलटं करून माझ्यापुढे ठेवलं आणि हात मागे घेऊन उभी राहिली.

"किती छान झालंय," मी म्हटलं.

"तपासून झालं असेल तर जाऊ?"

कंपासपेटीत बघितलं मी, ती झोपल्यावर. तो पेन्सिलीएवढा पाय नाही.

स्टूल तुझ्याकडे पाठवते आहे. तिने तुझ्यासाठी केलंय. निदान केलं होतं.

भाची

१७ फेब्रुवारी

पोरी,

स्टूल आलं. बसले. उंची अगदी बेताची आहे. भाजी परतली, आणि मीठ दोनदा पडलं.

मी तिला एक पत्र टाकते आहे. त्यात धडधडीत खोटं लिहिलंय. स्टूल डुगडुगतं म्हणून. तीन पायांचं डुगडुगत नाही, हे तिनेच मला ऑगस्टमध्ये पानभर लिहून शिकवलंय, आणि कुणी उलट बोललं तर भांडेन असंही. मी पाहिलं, ते तसूभर हलत नाही. दगड आहे.

तेव्हा ती माझ्यावर चिडली, तणतणली, म्हातारीला अक्कल नाही म्हणाली, तर तिला अडवू नकोस. तारेने कळव. तारा बंद झाल्या असतील तर फोन कर. ह्या वेळी मी ठेवणार नाही.

आत्या

१७ फेब्रुवारी

खारूताई,

स्टूल मिळालं, पण काय गं हे? मी बसले की डुगडुगतं. एका पायाखाली कागदाची घडी घातली, तरी डुगडुगतं. मला वाटतं तुझं ते तीन पायांचं म्हणणं साफ चूक होतं. तो लंबू म्हणत होता तेच खरं. चार पायांचंच करायला हवं होतंस.

काय म्हणणं आहे तुझं?

आत्याआजी

२ मार्च

विषय: स्टुलाबाबत

आदरणीय आत्याआजी,

सविनय नमस्कार.

आपले दि. १७ फेब्रुवारीचे पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते. माझा अभ्यास व्यवस्थित सुरू आहे.

स्टूल डुगडुगते असे आपण कळविले आहे. आपले म्हणणे बरोबर आहे. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे. पुढील वेळी चार पायांचे करण्याची काळजी घेईन.

घरातील सर्वांना माझा नमस्कार सांगावा.

आपली आज्ञाधारक,
खारूताई
इयत्ता नववी